पानठेल्यावरची समता आणि पाचवे शील

आंबेडकरी चळवळीत दारूवर जितके बोलले जाते त्याच्या शंभराव्या हिश्शानेही सिगारेटवर बोलले जात नाही. बावीस प्रतिज्ञांत दारू आहे, धम्मदेसनेत दारू आहे, जयंतीच्या नियोजन बैठकीत "डीजेसमोर कोणी पिऊन येणार नाही" हा ठराव दरवर्षी टाळ्यांनी मंजूर होतो. बैठक संपते. मग अर्धी कार्यकारिणी रस्ता ओलांडून पानठेल्यावर जाते आणि बैठकीत जे बोलता आले नाही ते तिथे सिगारेट पेटवून बोलते. चळवळीचे कितीतरी खरे निर्णय ठेल्यावर झालेले आहेत, हे ज्यांनी चळवळीत दहा वर्षे काढली ते नाकारणार नाहीत.

आम्ही म्हणजे नालवाडी आणि वर्धा शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये काम करणारे पाच कार्यकर्ते. लिहिणारा हात एकाचा आहे, अनुभव पाचांचा. पाचही जण तिशीतले. कोणी बारा वर्षे ओढली, कोणी सतरा. मागच्या वर्षी आम्ही ती सोडायला घेतली. 'सोडली' असे न म्हणता 'सोडायला घेतली' असेच म्हणावे लागते, कारण ती एका दिवशी सुटत नाही, बरेच दिवस सोडत राहावी लागते. आमचे कौतुक व्हावे म्हणून हे लिहीत नाही. सोडताना जे लक्षात आले त्यातले बरेचसे आपल्या कामाच्या पद्धतीबद्दल आहे, म्हणून ते तरुण कार्यकर्त्यांपुढे मांडतो आहोत.

विषय काढला की आपल्यात लगेच दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, सिगारेट ओढणारा पाचवे शील मोडतो, त्याने पंचशील म्हणण्याचे ढोंग करू नये. दुसऱ्या बाजूला शिकलेले जास्त. ते म्हणतात, पाचवे शील मद्याबद्दल आहे. सिगारेटने माणूस झिंगत नाही, बायकोला मारत नाही, नालीत पडत नाही. शिवाय बुद्धाच्या काळात इथे तंबाखू नव्हताच. इतिहास बरोबर आहे. तंबाखू मूळचा अमेरिका खंडातला, आपल्याकडे तो पोर्तुगीजांमार्फत आला. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. बुद्धाच्या काळात गुटखाही नव्हता आणि मोबाइलवरची रमीही नव्हती.

शीलातले शब्द पाहा. तिथे भर 'पमाद' या शब्दावर आहे. मराठीत प्रमाद म्हणजे आपण चूक समजतो, पालीत त्याचा अर्थ गाफीलपणा, बेसावधपणा. ज्या कार्यकर्त्याला चालू सभेत चाळीस मिनिटांनंतर वक्ता काय बोलतो तेच ऐकू येत नाही, कारण डोक्यात फक्त "बाहेर कधी जातो" हे चालू आहे, तो सावध आहे काय? झिंगण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न लक्ष कोणाच्या ताब्यात आहे याचा आहे. दुसरा शब्द 'सिक्खापद'. म्हणजे शिकण्याचा नियम. ती कोण्या देवाची आज्ञा नाही, आपण होऊन हाती घेतलेला अभ्यास आहे, आणि अभ्यास करणारा अडखळतो, परत सुरू करतो. त्यामुळे पहिल्या बाजूचेही जमत नाही. शील हे दुसऱ्याच्या तोंडाचा वास घेऊन त्याला विहाराबाहेर काढण्याचे हत्यार नव्हे.

आणखी एक तिसरी बाजू आहे: "हे सारे गांधीवादी सोवळे आहे, आपल्याला व्रतं नकोत." वर्ध्यात राहणाऱ्या आंबेडकरी माणसाला ही बाजू सगळ्यात जवळची वाटते. आम्हालाही बरीच वर्षे वाटली. त्यामागे कारण आहे.

नालवाडी आज वर्ध्याला इतकी चिकटली आहे की शहर कुठे संपते ते बाहेरच्याला कळत नाही. पण १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे इथे राहायला आले तेव्हा ती शहराबाहेरची वेगळी वस्ती होती, आणि अस्पृश्यांची वस्ती म्हणूनच ती निवडली गेली होती. सूत कातून त्याच मजुरीवर जगण्याचा त्यांचा प्रयोग इथला. गोपाळराव वाळुंजकरांनी चालवलेले चर्मालयही इथलेच. मेलेल्या जनावरांचे कातडे सुधारलेल्या पद्धतीने कमावायचे, असा तो उपक्रम. १९३८ मध्ये विनोबा पवनारला गेले. त्या माणसांच्या कष्टांवर आम्ही शंका घेत नाही. फक्त तारखा शेजारी ठेवून बघा. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस खाणे बंद करा. गावोगावचे महार ढोर ओढायला नकार देऊ लागले, त्यापायी मार खाऊ लागले. आणि पुढच्याच दशकात आमच्या गावात मेलेल्या ढोराचे कातडे हे देशसेवेचे साधन म्हणून शिकवले जात होते.

त्या काळच्या हरिजन सेवेत "दारू सोडा, मुर्दाड मांस सोडा, स्वच्छ राहा" हा उपदेश सतत होता. वरवर पाहता महाडचाही उपदेश तोच. पण फरक परीक्षकाचा आहे. एका ठिकाणी सोडणाऱ्याला कोणी वरचा माणूस पास-नापास करणार आहे. महाडला परीक्षक कोणीच नाही. ज्या गोष्टीने आपला मान जातो ती आपण आपल्यासाठी टाकायची, मग बघणारा असो की नसो. हे दोन 'सोडणे' आपण एकत्र केले, आणि त्यामुळे 'निर्व्यसनी' हा शब्द ऐकला की आमच्यातल्या काहींना खादीचा वास येऊ लागला. त्यात वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी, तीही गांधींचा जिल्हा म्हणून. आणि दारू कुठे मिळते हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत. बंदीचा बडगा बसतो तो हातभट्टीवाल्या गरिबावर. अशा गावात कोणी "व्यसन सोडा" म्हटले की हसू येते. पण हसण्यात आपण एक गोष्ट विसरतो. बाबासाहेब दारू पीत नव्हते, सिगारेट ओढत नव्हते, आणि त्यांना कोणी गांधीवादी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता मूळ प्रश्न. सिगारेट लागली कशी? भिंतीवरच्या पाट्या सांगतात, वाईट संगतीने. आमच्या बाबतीत संगत वाईट नव्हती. चांगली होती, आणि गोम तिथेच आहे.

आमच्यातल्या चौघांनी पहिली सिगारेट कॉलेजात ओढली. वस्तीत बाप-काका बिडी ओढत, खर्रा तर लहानथोर सगळेच खात, पण सिगारेट ही वस्तीतली वस्तू नव्हती. ती कॉलेजातली, गाडीवर येणाऱ्या पोरांची. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव लागले की मागच्या बाकावर कुजबूज होई. आडनाव विचारून झाल्यावर बोलणे तुटे. अशा ठिकाणी एक दिवस वरच्या जातीचा एक पोरगा ठेल्यावर अर्धी ओढलेली सिगारेट पुढे करतो आणि म्हणतो, "घे बे, मार दोन झुरके." त्याच्या ओठाला लागलेली सिगारेट. आपण झुरका मारून परत देतो, आणि तो ती न पुसता तोंडात धरतो.

ज्याच्या आज्याने आपल्या आज्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतले, त्याचा नातू आपले उष्टे ओढतो आहे. ज्याच्या घरात ओंजळीची गोष्ट सांगितली गेली नाही त्याला हे क्षुल्लक वाटेल. आम्हाला वाटले नाही. त्या दिवशी आमच्यातला एक जण सायकल हातात धरून नालवाडीपर्यंत पायी आला, कारण त्याला ते मनात पुन्हा पुन्हा घोळवायचे होते. तंबाखू आणि जात यांचे नाते जुनेच आहे. चिलीम जातीबाहेर फिरत नसे. उत्तरेत बहिष्काराला आजही हुक्कापाणी बंद म्हणतात. पाण्याच्या जोडीला धूर. चवदार तळ्यावर पाण्याचा प्रश्न उभा केला गेला, धुराचा प्रश्न आमच्यासाठी ठेल्यावर आपोआप सुटल्यासारखा वाटला. समाजशास्त्राच्या एम.ए.ला रोटीबंदी शिकवतात, बेटीबंदी शिकवतात. धूरबंदीवर धडा नाही. असायला हवा होता.

ती समता खरी होती काय? एक सिगारेट जळायला पाच-सहा मिनिटे लागतात, तेवढा वेळ खरी होती. त्याच मित्राच्या घरी आमच्यातला तो जण बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेला. चहा वऱ्हांड्यात आला, कागदी कपात. घरचे काचेच्या कपात पीत होते. मित्र खाली मान घालून बसला होता. दुसऱ्या दिवशी ठेल्यावर त्याने न मागता सिगारेट काढून दिली. अख्खी, नवी. त्यानंतर त्या दोघांत उष्टी सिगारेट फिरली नाही.

मग ती मैत्री खोटी होती, असेही आम्ही म्हणणार नाही. तो पोरगा घरात बोलू शकत नव्हता आणि ठेल्यावर बोलू शकत होता. ठेल्यावर आईबाप नाहीत, देव्हारा नाही, स्वयंपाकघर नाही, म्हणून तिथे समता स्वस्त पडते. चळवळीतही ठेला हेच करतो. बैठकीत ज्येष्ठांपुढे तोंड न उघडणारा पोरगा ठेल्यावर त्यांनाच "भाऊ, तुमचं चुकलं" म्हणतो. वेगवेगळ्या गटांतले, एकमेकांच्या मंचावर न चढणारे कार्यकर्ते माचीस मागायच्या निमित्ताने बोलतात. यातून काही चांगल्या गोष्टी झाल्याही आहेत. फक्त त्या जागेवर बाया नाहीत. हे आम्हाला आपोआप सुचले नाही, एका भगिनीने भर बैठकीत तोंडावर सांगितले: "तुमचे निर्णय ठेल्यावर होतेत. मंग आम्हाले इथं फक्त हात वर कराले बोलावता का?" यावर कोणाकडे उत्तर नव्हते. बैठक संपली आणि सवयीने सगळे ठेल्याकडे निघाले, तेव्हा पाय जड झाले होते.

म्हणजे सिगारेट काही तरी देते. जे देते त्याचे नाव घेतल्याशिवाय "सोडा" म्हणण्यात अर्थ नाही, कारण माणूस धूर सोडायला तयार होतो, ती जागा सोडायला होत नाही.

ही तहान कंपन्यांना आपल्या आधी कळली. १९९० च्या सुरुवातीला अमेरिकेतली आर. जे. रेनॉल्ड्स कंपनी 'अपटाउन' नावाची मेन्थॉल सिगारेट फिलाडेल्फिया शहरात, तिथल्या काळ्या लोकांसाठी खास म्हणून बाजारात आणणार होती. चर्च, वस्तीतल्या संघटना, डॉक्टर असे सगळे एकत्र आले. अमेरिकेचे तेव्हाचे आरोग्यमंत्री लुई सुलिव्हन, जे स्वतः काळे होते, त्यांनी फिलाडेल्फियातच कंपनीवर जाहीर टीका केली. विक्री सुरू होण्याआधीच कंपनीला ती सिगारेट मागे घ्यावी लागली. आपण 'पँथर' हे नाव त्याच समाजाकडून घेतले, तेव्हा ही लढाईही माहीत असली पाहिजे. यातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. रोख ओढणाऱ्यावर नव्हता. प्रश्न कंपनीला होता, की आमचीच वस्ती का निवडली?

आपल्याकडे तसला जाहीर ब्रँड काढायची गरज पडत नाही, सुटी सिगारेट पुरते. पाकीट घ्यायला पोराकडे पैसे नसतात, एकीला असतात. आणि सुट्या सिगारेटीवर कॅन्सरचे चित्रही नसते. म्हणून महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि बिडी विकायला बंदी घातली. आज वर्ध्यात कोणत्याही ठेल्यावर जाऊन एक मागा. मिळते. ठेलेवाल्याला आम्ही दोष देत नाही. तो बहुधा आपल्यातलाच कोणी असतो, बचत गटाचे कर्ज काढून ठेला टाकलेला. वर बघा. देशातली सगळ्यात मोठी सिगारेट कंपनी १९१० मध्ये 'इंपीरियल टोबॅको' या नावाने सुरू झाली, आज तिला आयटीसी म्हणतात. तिच्या मोठ्या भागधारकांत ब्रिटिश अमेरिकन टोबॅको आहे, आणि आपली एलआयसीही आहे. आई पोटाला चिमटा घेऊन ज्या पॉलिसीचा हप्ता भरते ती एलआयसी.

आणि बिडीचे काय? ज्यांनी 'जयभीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ केला त्या कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी कामगारांची संघटना उभी केली होती, हे आपल्या किती तरुणांना माहीत आहे? विदर्भातल्या आपल्या किती तरी घरांत तेंदूपाने आणि तंबाखूचे सूप मांडीवर घेऊन दिवसभर बिड्या वळल्या गेल्या. मजुरी हजारावर, आणि ठेकेदार त्यातून "खराब" म्हणून बिड्या काढणार आणि तेवढी मजुरी कापणार. बाबू हरदास १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाकडून विधिमंडळावर निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ ला क्षयाने गेले. वय ३५. आमच्यातला सगळ्यात मोठा यंदा ३५ पूर्ण करतो आहे, आणि अजून एकही धड काम हातून झालेले नाही, असे तो स्वतःच म्हणतो. क्षय आजही आपल्या वस्त्यांचा आजार आहे. सिगारेट-बिडी ओढणाऱ्याला तो होण्याचा आणि त्यात मरण्याचा धोका जास्त असतो, यात आता वाद उरलेला नाही.

वयाचा हिशेब तरुणांनी जरूर करावा. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून तिथल्या डॉक्टरांचाच पन्नास वर्षे अभ्यास केला. २००४ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की आयुष्यभर सिगारेट ओढणारा न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी सुमारे दहा वर्षे आधी मरतो. तिसाव्या वर्षी सोडली तर ती दहाही वर्षे जवळपास परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी सोडली तर नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, साठीला तीन. म्हणजे साठीतही काही तरी मिळतेच.

आमच्या वस्तीत एक ज्येष्ठ आहेत. नाव लिहीत नाही. १९७९ मध्ये नामांतरासाठी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, त्यात ते वयाच्या विशीत चालले. त्यांच्या तोंडून ते चालणे ऐकत आम्ही मोठे झालो. त्यांची बिडी पन्नास वर्षांची. आता घरात ऑक्सिजनचे यंत्र आहे. विहाराला तीन पायऱ्या आहेत, त्या चढून ते खांबाला धरून उभे राहतात, आणि वंदना सुरू झाली की त्रिशरणाच्या एकेका ओळीत त्यांना दोनदा थांबून श्वास घ्यावा लागतो. सगळे पुढे जातात, ते मागे राहतात, तरी म्हणून पूर्ण करतात. आम्ही सोडतो आहोत हे कळल्यावर ते एवढेच म्हणाले, "आमाले कोणी सांगतलंच नाही रे. आमाले सगळ्यायनं दारूचंच सांगतलं." आमच्यासाठी तो दिवस निर्णायक ठरला. कॅन्सरच्या कोणत्याही चित्राने जे झाले नव्हते ते या एका वाक्याने झाले.

सोडायची तारीख ठरवताना आम्ही १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर मुद्दाम टाळले. पुतळ्यापुढे, बाबासाहेबांची शपथ घेऊन व्यसन सोडण्याचे कार्यक्रम आपल्याकडे होतात, त्याबद्दल आमचे मत वाईट आहे. अशा एका कार्यक्रमात शपथ घेतलेला एक पोरगा तीन आठवड्यांनी परत ओढू लागला. सिगारेट सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पहिल्या खेपेत हेच होते, निकोटीनचा गुणधर्मच तो आहे. पण त्या पोराच्या मनात बसले की आपण बाबासाहेबांशी बेइमानी केली. तो विहारात यायचा बंद झाला, मग अभ्यासिकेत यायचा बंद झाला. सिगारेटने एक फुप्फुस खराब केले असते, शपथेने कार्यकर्ताच नेला. आम्ही जुलैमधला एक साधा मंगळवार निवडला. फोटो नाही, हार नाही, फेसबुकवर पोस्ट नाही.

पहिले तीन दिवस वाईट जातात, हे आधी माहीत असलेले बरे. निकोटीन अंगातून लवकर उतरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओढ सगळ्यात जास्त असते. झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, डोके ठणकते, कोणाचे बोलणे सहन होत नाही. बॅनरवर कोणाचा फोटो कुठे यावा यावरून आमच्यातले दोघे इतके भांडले की तिसऱ्याने बॅनरच रद्द केला. त्या आठवड्यात आम्ही एकही महत्त्वाची बैठक ठेवली नव्हती, हे शहाणपणाचे ठरले. साधारण दोन ते चार आठवड्यांत हे उतरते. ओढ येते तेव्हा ती तासभर राहणार असे वाटते. घड्याळ लावून पाहिले तर काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ आम्ही श्वास पाहत बसायचो. विपश्यनेवरून आपल्यात मोठे वाद आहेत, ते इथे नको. पाच मिनिटे स्वतःचा श्वास पाहायला कोण्या शिबिराची परवानगी लागत नाही.

निकोटीनची च्युइंगम मिळते, दोन मिलीग्रॅमची औषध दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ती पेपरमिंटसारखी चघळायची नसते. थोडी चावायची, तोंडात चुणचुण झाली की गालात दाबून ठेवायची, ती ओसरली की परत चावायची. आणि तिच्या आधी पाव तास किंवा ती तोंडात असताना चहा घ्यायचा नाही, नाही तर निकोटीन नीट शोषले जात नाही. दिवसाला दहा चहा पिणाऱ्या कार्यकर्त्याला सिगारेटपेक्षा हे अवघड गेले. सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक छापलेला असतो. वर्षानुवर्षे ते पाकीट हातात धरून तो आम्ही वाचला नव्हता. त्यावर फोन केला तर पैसे लागत नाहीत. आणि एक धोका विदर्भातल्यांनी लक्षात ठेवावा: सिगारेट सोडणाऱ्याच्या हातात पहिल्याच आठवड्यात कोणी तरी प्रेमाने घोटलेला खर्रा ठेवतो. "हे तं धूर नोहे ना बे." तंबाखू तोच, सुपारी वरून.

आम्ही प्रत्येकाने एक वही ठेवली. ओढ आली की वेळ आणि जागा लिहायची. समाजशास्त्राची सवय, दुसरे काय. महिन्याने पाचही वह्या मांडून बसलो तेव्हा चहा, जेवण, फोन या नोंदी होत्याच, त्या अपेक्षित होत्या. पण सगळ्यात जोरकस नोंदी वेगळ्याच निघाल्या. "कार्यालय. साहेबांनी बसायला सांगितले नाही." "जातपडताळणीची फाईल. उद्या या म्हणाले, चौथ्यांदा." "अत्याचाराच्या प्रकरणातल्या बाईला घेऊन गेलो. आधी आडनाव विचारले, मग तक्रार." पाचही वह्यांत हेच. अपमान झाला की बाहेर येऊन सिगारेट पेटवायची, दोन शिव्या द्यायच्या आणि घरी जायचे. इतकी वर्षे आम्ही याला ताण हलका करणे म्हणत होतो. खरे तर जो राग लेखी तक्रारीत जायला हवा होता तो ठेल्यावर उडून जात होता, आणि त्या कार्यालयाला त्याची झळही लागत नव्हती. तेव्हापासून आमच्यात एक नियम आहे. असे काही झाले की कार्यालयाच्या आवारातच बसून, निघण्याआधी, तारीख-वेळ-नावासह अर्ज लिहायचा आणि आवक क्रमांक घ्यायचा. ओढ तोवर निघून गेलेली असते. मागच्या सहा महिन्यांत असे अकरा अर्ज झाले, त्यांतल्या चौघांना उत्तरे आली.

जागेचाही बंदोबस्त करावा लागला. बैठकीनंतर ठेल्यावर जायचे नाही असे नुसते ठरवून भागत नव्हते, कारण खरे बोलणे तिथेच होते. म्हणून विहाराच्या आवारात बैठकीनंतर चहा ठेवायला सुरुवात केली. अर्धा तास, विषयपत्रिका नाही, पद नाही, कोणीही कोणालाही काही म्हणू शकतो. भगिनी थांबतात. पहिल्याच महिन्यात अभ्यासिकेच्या वेळा बदलण्याचा निर्णय तिथे झाला, कारण मुलींना रात्री नऊनंतर परतणे जमत नव्हते. ही गोष्ट ठेल्यावर कोणाला कधी सुचली नसती.

आज चौदा महिने झाले. पाचातले चौघे ओढत नाहीत. पाचवा पंधरावरून तीनवर आला आहे आणि तिथे अडकला आहे. तो आमच्यातच आहे, वही लिहितो, चहाला थांबतो, त्याला कोणी टोमणा मारत नाही. त्याने जिल्हा रुग्णालयात जाऊन औषध घ्यायचे ठरवले आहे, आमच्यातला एक जण सोबत जाणार आहे. पैशांचा हिशेबही केला. दिवसाला दहा आणि एक सिगारेट पंधरा रुपयांना धरली तर वर्षाचे चोपन्न हजार साडेसातशे. हा आकडा ऐकून एकाच्या पत्नीने काय म्हटले ते इथे छापण्यासारखे नाही.

तालुक्याच्या पुढच्या बैठकीत आम्ही दोन विषय ठेवतो आहोत. व्यसनमुक्तीच्या ठरावात दारूच्या शेजारी सिगारेट, बिडी आणि खर्रा यांची नावे यावीत, हा एक. कोणत्याही व्यसनासाठी बाबासाहेबांच्या नावाने जाहीर शपथ देणे बंद करावे, हा दुसरा. दुसऱ्यावर वाद होईल हे माहीत आहे, तो व्हावा. नालवाडीत दुसरा गट सुरू होतो आहे. आठ नावे आली आहेत, त्यात तीन भगिनी आहेत. त्या सिगारेट ओढत नाहीत, दातांना गुडाखू घासतात, आणि "आमचं बी लिहा" असे म्हणून त्यांनी स्वतः नावे दिली. पहिली बैठक रविवारी वंदनेनंतर आहे. वह्या आणून ठेवल्या आहेत.